सुटलास ना, मग सांगतोस कशाला?

मामा विचारतो, रूमवरची पोरं विचारतात. हल्ली गावाकडून भरतीची तयारी करणाऱ्यांचे फोन येतात, त्यांचाही हाच प्रश्न : "दादा, कोर्टातून निर्दोष सुटलास ना? मग मुलाखतीत केसचं सांगतोस कशाला?" आजवर ज्याला त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकतो, पुढच्याला हेच पाठवीन.

बांधाचं भांडण कसं पेटतं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्यात चुलत्यांच्या एकाच फिर्यादीत अख्खं घर आलं : वडील, मी, धाकटा भाऊ, आणि त्या दिवशी माहेरी असलेली आईसुद्धा. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलम ३२६ (घातक हत्याराने गंभीर दुखापत), ३२४, ५०४, ५०६ आणि जोडीला ३४, म्हणजे एकाने केलेलं सगळ्यांच्या नावावर. चुलत्यांचा हात मोडला होता, हे खरं आहे. तालुक्याच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. मग चुलत बहिणीचं लग्न ठरलं, भावकी बसली, बांध सरळ झाला. पण ३२६ तडजोडीने मिटवायची सोय कायद्यात नव्हती. म्हणून सगळीकडे होतं तेच झालं. चुलते साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, अंधार होता, कुणी मारलं ते दिसलं नाही. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर ठरवलं, आम्ही सुटलो. आमच्या वकिलांनी पेढे मागितले.

संपलं, असं तेव्हा मी धरून चाललो. मेकॅनिकलचा डिप्लोमा, क्वालिटीतलं काम, मोजमापाला हात चांगला. फॉर्मवर विचारलेलं असायचं, 'न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?' मी 'नाही' लिहायचो. आजही तेच लिहीन. प्रश्न जेवढा, उत्तर तेवढं. हे माझ्या पदरचं नाही. २०१६च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की पडताळणीचा फॉर्म नेमका हवा, आणि नेमकं विचारलेलं तेवढंच सांगणं उमेदवारावर बंधनकारक. फक्त तो निकाल सरकारी नोकरीचा. खाजगीत तो दाखवून काही होत नाही, हे चाकणला कळलं.

तिथल्या एका कंपनीत (नाव घेत नाही, अजून मित्र आहेत आत) फायनल इन्स्पेक्शनला लागलो होतो. पडताळणी बाहेरची एजन्सी करते आणि रिपोर्ट बऱ्याचदा तुम्ही रुजू झाल्यावर येतो. ई-कोर्टच्या, म्हणजे कोर्टातल्या केसेसच्या सरकारी साइटवर नाव टाकलं की केस निघते, त्याला लॉगिनही लागत नाही. वडिलांचं नाव आणि गाव जुळलं की झालं. सेकंड शिफ्ट होती, हातात मायक्रोमीटर होता, तेवढ्यात एचआरचा निरोप आला.

खोलीत एचआरच्या मॅडम आणि आमच्या सेक्शनचे साहेब. मॅडमनी कागद फिरवून माझ्यापुढे केला. पत्ता हिरवा, शिक्षण हिरवं, आधीची नोकरी हिरवी, कोर्ट रेकॉर्डसमोर लाल. आमच्या लाइनवर लाल टॅगचा जॉबसुद्धा, म्हणजे चुकलेला पार्ट, थेट स्क्रॅपला जात नाही, आधी रीवर्क करून दुरुस्त होतो का बघतात. या कागदावर तसला रकाना नव्हता.

मी मोबाइलमधून निकालाची नक्कल काढून दिली. मॅडमनी शेवटचं पान बोटांनी मोठं करून सावकाश वाचलं. फिर्यादी फितूर, गुन्हा संशयातीतपणे सिद्ध होत नाही, सबब संशयाचा फायदा देऊन मुक्तता. मग विचारलं, "म्हणजे केलं असेल, पण सिद्ध झालं नाही, असंच ना?"

आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता, त्या खरंच समजून घेत होत्या. तिथेच माझी बोलती बंद झाली. आरडाओरडा केला असता तर मीही कायदा ऐकवला असता. कसंबसं म्हणालो, "मॅडम, कोर्टाने निर्दोष सोडलंय."

"हो, पण तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवं होतं."

साहेब म्हणाले, "पोरगं कामाला चांगलं आहे, मॅडम."

"कामाचा प्रश्नच नाही, सर."

राजीनामा टाइप करून तयार होता. सही केली तर अनुभवाचं पत्र मिळेल, नाहीतर काढून टाकल्याचं. सही केली. आयकार्ड, लॉकरची किल्ली आणि सेफ्टी शूज जमा करून घेतले. शूजही परत घेतात हे मला माहीत नव्हतं. चप्पल लॉकरमध्ये होती म्हणून बरं. शिफ्टची बस रात्रीची, मी संध्याकाळीच गेटबाहेर.

तेव्हापासून सांगतो. स्वतःहून, पहिल्याच भेटीत, नक्कल पुढे ठेवून. याला प्रामाणिकपणा वगैरे म्हणू नका. लागल्यावर काढलं जाणं मला पुन्हा नकोय. दारातून परत पाठवलं तर निदान बायोडेटात भोक पडत नाही.

सांगून फायदा होतो का? बहुतेक ठिकाणी "कळवतो" म्हणतात. अवतार सिंगच्याच निकालात हेही आहे की केसची खरी माहिती दिली तरी नेमणूक द्यायची सक्ती मालकावर करता येत नाही. भरतीवाल्या पोरांनो, तुमच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पडताळणीच्या फॉर्मात, अटक, गुन्हा, खटला सगळं सरळ विचारलेलं असतं, तिथे लपवू नका. पण सांगितलं म्हणजे पार पडलात असंही नाही. साक्षीदार फितूर झाल्याने मिळालेली सुटका सन्मानाची मानलीच पाहिजे असं नाही, हे २०१३च्या मेहर सिंग निकालात आलंय. भावकीने मिटवलेलं कागदावर मिटत नाही. अठराच्या आतला असतो तर बाल न्याय कायद्याचं कलम २४ होतं. दोषी ठरला तरी अपात्रता नाही, नोंदीही नष्ट करायच्या. मी एकोणीसचा होतो. मोठ्यांची निकाली केस रेकॉर्डवरून आपोआप पुसणारा तसा कायदा आपल्याकडे नाही.

तुमच्या मनातला दुसरा प्रश्न मला कळतो, तोंडावर कुणी विचारत नाही एवढंच. मारलं होतंस का? मी तिथे होतो. हातात काठी होती. पुढचं चुलत्यांना माहीत आहे आणि मला. ते दिवाळीला आमच्याकडे जेवायला असतात. त्यांचा हात कोपरात अजून सरळ होत नाही. याहून जास्त इथे लिहिणार नाही, आणि नोकरी देणाऱ्याला ते विचारायचा हक्क आहे असंही मला वाटत नाही. कधीकधी वाटतं, आहे. माझ्या हाताखाली माणूस घ्यायचा असता तर मीही विचारलं असतं.

सध्या भोसरीत एका वर्कशॉपला आहे. शेठला सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "ड्रॉइंग वाचता येतं का ते सांग." पगार चाकणपेक्षा कमी, पीएफ नाही, म्हणून अर्ज करणं चालूच आहे.

आणि धाकटा भाऊ, त्याच गुन्ह्यातला आरोपी क्रमांक ३, रांजणगावला लागला. त्याच्या फॉर्मवर तर 'कधी गुन्हा दाखल झाला आहे काय' असंच विचारलं होतं. त्याने बेधडक 'नाही' ठोकलं. एजन्सीने आडनावाचं स्पेलिंग वेगळं टाकलं की काय देव जाणे, रिपोर्ट हिरवा आला. गेल्या वर्षी पर्मनंट झाला. मला म्हणतो, "दादा, तू उगाच सांगत बसतोस." त्याला मी पकडला गेलास तर काय, म्हणून झापतो खरा. पण घराचा हप्ता सध्या तोच भरतोय.