तीन सूत कमी

ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला गोधडीचा एक चौकोन, साडेबारा इंच भरायला हवा होता. भरला बारा इंच एक सूत. इंचाची आठ सुतं, म्हणजे तीन सूत कमी. ज्यांनी कधी जोडकाम केलेलं नाही त्यांना हसू येईल, पण गटाच्या गोधडीत तीन सूत म्हणजे खड्डा असतो. शेजारच्या ब्लॉकला जोडताना एका बाजूचं कापड उरतं, उरलेलं कापड चुणी घालून बसतं आणि ती चुणी पुढे गोधडीच्या काठापर्यंत चालत जाते.

काम असं होतं. गटातली एक जण मोठ्या ऑपरेशननंतर घरी परतणार होती. तिच्यासाठी बारा जणींनी एकेक ब्लॉक करायचा आणि सगळे जोडून, भरून, गोट लावून पूर्ण करायचं काम माझं. रचना साधी होती. आडवे ३ ब्लॉक, उभे ४, मध्ये आणि भोवती २ इंची पट्ट्या, बाहेर ४ इंची काठ. शिवणींत जाणारं कापड वगळून तयार माप ५२ बाय ६६ इंच. सगळ्यांना एकच कागद दिला होता, "शिवण पाव इंच, ब्लॉक साडेबारा इंच." एवढंच. आता तो कागद वाचला की माझीच मला लाज वाटते. पाव इंच सांगून कोणाचीही शिवण पाव इंच येत नाही.

कारण पाव इंच मशीनवर असतो तो वेगळा आणि कापड दुमडल्यावर उरतो तो वेगळा. शिवण एका बाजूला दाबली की घडीच्या जाडीत एक-दोन धागे जातात. म्हणून शिवायचं ते पाव इंचाला धागाभर कमी. पाव इंचाचं म्हणून विकलं जाणारं फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, तेही प्रत्येक मशीनवर खरं उतरतंच असं नाही. सुई कुठे पडते त्यावर ते अवलंबून. खात्री करायची पद्धत एकच. दीड इंची तीन पट्ट्या कापायच्या, लांबीला लांबी जोडायच्या, इस्त्री मारायची आणि मधली पट्टी मोजायची. बरोबर एक इंच भरली तर शिवण बरोबर. कमी भरली तर सुई एक खूण उजवीकडे. दहा मिनिटांचं काम आहे, पण नवीन मशीन घेणाऱ्या दहातल्या नऊ जणी ते करत नाहीत आणि मग ब्लॉकला दोष देतात.

जोडणीच्या आदल्या संध्याकाळी बाराही ब्लॉक मोजले. सात नीट. दोन थोडे मोठे, ते पट्टी ठेवून गोल पात्याच्या रोटरी कटरने चारही बाजूंनी सारखे छाटले. छाटताना मध्य धरून छाटायचं. एकाच बाजूने कापलं की नक्षी सरकते. एकीने हौसेने साटीन वापरलं होतं. ते इस्त्रीखाली आक्रसतं आणि कडेला धागे सोडतं, त्यामुळे मागून पातळ चिकट अस्तर कमी आचेवर लावून घेतलं. एका ब्लॉकातला लाल तुकडा ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासला तर चिंधी गुलाबी झाली. असा रंग गोधडी पहिल्यांदा धुतली की शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. तिला लगेच फोन केला, "अगं, लाल रंग सोडतोय, बदलू का?" ती म्हणाली बदल. बदलला.

बारावा ब्लॉक मावशींचा. तो तीन सूत कमी.

मावशी गटात सगळ्यांत मोठ्या आणि मशीनला हात न लावणाऱ्या. त्यांचा ब्लॉक ३६ तुकड्यांचा होता, सहा आडवे सहा उभे. तयार तुकडा २ इंची, म्हणून कापायचा अडीच इंच. एका दिशेला पाच शिवणी. तीन सूत म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. पाच शिवणींत वाटले तर शिवणीमागे जेमतेम २ मिलिमीटर गेले. जोडकामातली चूक ही अशीच असते. एका शिवणीत ती दिसत नाही आणि पाच शिवणी झाल्या की लपत नाही. तोच दोष नऊ तुकड्यांच्या ब्लॉकात असता तर दोनच शिवणी, दीड सुताच्या आत भागलं असतं. मावशींनी सगळ्यांत कष्टाचा ब्लॉक निवडला म्हणून तो सगळ्यांत जास्त आटला.

इथे उपाय तीन होते आणि तिन्ही मला माहीत होते. पहिला, ब्लॉक ओला करून, बोर्डावर साडेबाराचा चौकोन आखून, त्यावर ताणून टाचण्या मारायच्या आणि वाळू द्यायचा. दुसरा, बाराही ब्लॉकांना भोवती दीड इंची चौकट लावायची आणि सगळे एकसारखे १४ इंचांवर छाटायचे. यात लहान-मोठं सगळं झाकलं जातं आणि कोणाचा ब्लॉक कमी होता हे कोणालाच कळत नाही. एका ब्लॉकला ५४ इंच पट्टी, बारांना सुमारे पाऊण वार कापड. कापड होतं, पण त्यासाठी अर्धी रात्र गेली असती आणि गोधडी दोन्हीकडे वाढून मधला भर कमी पडला असता. तिसरा, मावशींना फोन.

मी चौथाच केला. ब्लॉक उसवला आणि रात्री मशीनवर पुन्हा शिवला.

फोन का केला नाही? लाल तुकडेवालीला दोन मिनिटांत केला होता. तिचा दोष कापडाचा होता, सांगायला सोपा. मावशींना "तुमचं माप चुकलं" असं म्हणायला जीभ रेटली नाही. याला मी तेव्हा मान ठेवणं समजत होते.

उसवताना खरी गोष्ट समोर आली. हातशिलाईत शिवण कापडाच्या कडेवरून मोजत नाहीत. उलट्या बाजूला पेन्सिलने शिवणीची रेघ आखतात, दोन तुकड्यांच्या रेघा टाचणीने एकावर एक आणतात आणि बरोब्बर रेघेवर धावदोरा घालतात. कड थोडी वाकडी कापली गेली तरी बिघडत नाही, खरी रेघ असते. मावशींच्या प्रत्येक तुकड्यावर रेघ होती. पट्टी ठेवून मोजली, रेघ ते रेघ २ इंच. ३६ पैकी एकही तुकडा चुकलेला नव्हता.

मग तीन सूत गेले कुठे? एक, दोऱ्यात. धावदोरा ओढून घेतला की टाक्याटाक्यात कापड किंचित गोळा होतं. प्रत्येक शिवणीच्या शेवटी गाठ मारण्याआधी शिवण दोन बोटांत धरून सुळकन सरळ करून घ्यावी लागते, म्हणजे दोरा मोकळा होतो. हात थकले की हेच राहतं. दोन, इस्त्रीत. शिवण पूर्ण उघडण्याआधीच दाबली गेली होती, त्यामुळे प्रत्येक शिवणीपाशी बारीक घडी राहिली होती. आधी शिवण बंद असतानाच दाबायची, टाका कापडात बसतो. मग उघडून, इस्त्री न घसटता, उचलून ठेवत दाबायची. घासलं की कापड उरेब ओढलं जातं. म्हणजे ब्लॉक कमी नव्हता, आवळलेला होता. पहिल्या उपायाने, पाणी आणि टाचण्यांनी, बहुतेक सगळं परत आलं असतं.

हे कळलं तेव्हा ३६ तुकडे माझ्यासमोर सुटे पडले होते आणि रात्रीचे साडेअकरा झाले होते. शिवले. टाक्याची लांबी २ मिलिमीटर, शिवणी ओळीआड उलट दिशेला दाबल्या म्हणजे चौफुल्या एकमेकींत अडकून बसतात. ब्लॉक बरोब्बर साडेबारा भरला. कामगिरी म्हणून चोख होती.

सकाळी सगळ्या जमल्या. भिंतीवर जाड फ्लॅनेल ताणलेलं आहे, त्यावर ब्लॉक नुसते दाबले तरी चिकटून राहतात. लांबून पाहायचं, रंग एका कोपऱ्यात गोळा झाले असतील तर हलवायचे. मावशी आल्या, आपला ब्लॉक तिसऱ्या ओळीत मधोमध दिसल्यावर जवळ गेल्या, काढला आणि उलटा केला. क्विल्ट करणारा माणूस नेहमी मागची बाजूच पाहतो. हातशिलाईत चौफुलीपाशी शिवणीचं कापड मोकळं सोडलेलं असतं, शिवण तिथे भिरभिऱ्यासारखी फिरवता येते. मशीनची शिवण आरपार जाते. दोन्हींत घोटाळा होणं शक्यच नाही.

"हे माझं नाही," मावशी म्हणाल्या.

मी मापाचं सांगायला लागले. तीन सूत, पाच शिवणी, घडी, दोरा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "इस्त्रीचं खरं आहे, गडबडीत केली," म्हणाल्या. मग खुर्ची खिडकीपाशी ओढली, टाके उसवायचा रिपर मागितला आणि माझी शिवण उसवायला बसल्या.

मशीनचा २ मिलिमीटरचा टाका उसवणं हे वैतागाचं काम. एका बाजूचा दर चौथा टाका कापत जायचा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा अख्खा ओढून निघतो. घाईने रिपर ढकलला की कापडच फाटतं. ब्लॉकात सगळी मिळून १२० इंच शिवण, म्हणजे १० फूट. शिवाय दुसऱ्यांदा उसवलेलं कापड कडेला पिंजतं, शिवणीबाहेर उरणारी दोन सुतांची दाब दीड सुतावर येते.

आम्ही बाकीच्यांनी पहिली, दुसरी आणि चौथी ओळ जोडून घेतली. तिसरीच्या मध्ये भोक. थोड्या वेळाने एक जण मावशींच्या उजवीकडे जाऊन बसली, मग एक डावीकडे. मावशींनी त्यांना रेघ दाखवली, टाचणी कोपऱ्यातून कोपऱ्यात कशी घालायची ते दाखवलं, दर इंचाला एक मागचा टाका घ्यायला सांगितलं आणि दोन-दोन ओळी वाटून दिल्या. त्यातली एक दहा वर्षं मशीनवर क्विल्ट करते आहे. हातशिलाई म्हणजे वेळ फुकट, असं ती उघड म्हणायची. तिचे टाके पहिल्या ओळीत इंचाला पाच होते, दुसऱ्या ओळीत आठ. मला कोणी बोलावलं नाही. मी काठ मोजत होते. काठाची लांबी गोधडीच्या कडेवरून मोजायची नसते, कडा ताणलेल्या असतात; मध्यावर आणि दोन्हीकडे अशी तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्यायची, नाहीतर काठाला लाटा येतात.

साडेचारला ब्लॉक तयार झाला. ओला केला, ताणला, टाचण्या मारल्या, कोरड्या इस्त्रीने हळूहळू वाळवला. साडेबाराला एक सूत कमी. एक सूत जिरवता येतं. मोठी बाजू खाली, मशीनच्या दातांवर ठेवायची, टाचण्या मध्यापासून कडेला लावायच्या आणि दात झोल आपोआप खातात. आदल्या दिवशी फोन केला असता तरी शेवटी हेच झालं असतं.

माझ्या डोक्यात तेव्हापासून मापांचाच घोळ चालू आहे. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला एड्सने गेलेल्यांच्या आठवणीची गोधडी, एड्स मेमोरियल क्विल्ट, पहिल्यांदा मैदानावर अंथरली, तेव्हा तिच्यात १,९२० पट्टे होते. प्रत्येक पट्टा ३ फूट बाय ६ फूट, असे आठ जोडले की १२ फुटी चौरस. बाहेरचं माप पक्कं. आत कोणी रंगवलं, कोणी जीन्स शिवली, कोणी नुसतं नाव लिहिलं. उलट कर्नाटकातल्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी करतात, तिच्यात ब्लॉकच नसतो. तुकड्याची कड दुमडून तो थेट खालच्या कापडावर ठेवतात आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत कडेकडून मध्याकडे येतात. तिथे तुकडा लहान पडला तर पुढचा मोठा घेतात. आपल्या गोधडीचीही चाल तीच. पाव इंचाचं हे शास्त्र ब्लॉकवाल्यांनी ओढवून घेतलेलं आहे. ते घेतलं की बाहेरचं माप मागण्याचा हक्क मिळतो. आतल्या शिवणीचाही मिळतो असं मी धरून चालले होते.

आणि एक गोष्ट अजून नीट उलगडत नाही. शेवटी तो ब्लॉक एकट्या मावशींचा राहिलाच नाही, त्यात तीन हातांचे टाके आहेत आणि ओळखूही येतात. ते मावशींना चालले. माझी शिवण त्या सगळ्यांपेक्षा सरळ होती, ती चालली नाही.

पुढचं काम नेहमीचं. अस्तर चारही बाजूंनी ४ इंच जास्त, मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना, मध्यापासून बाहेर क्विल्टिंग, म्हणजे सगळ्या थरांतून टाके. गोटासाठी अडीच इंची सात पट्ट्या, घेर २३६ इंच आणि कोपरे-जोडांना वर १० इंच. ब्लॉकची मागची बाजू आता अस्तराखाली गेली आहे.

पुढच्या गोधडीचा कागद मी नव्याने लिहिला. तीन पट्ट्यांची चाचणी, शिवण दाबायची पद्धत, हातशिलाई करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना, सगळ्या ब्लॉकांना चौकट. खाली एक ओळ, "माप कमी भरल्यास ब्लॉक दुरुस्त करण्याबाबत कळवू." मावशींनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला.

"कळवू म्हणजे उसवायच्या आधी, की नंतर?"

मी पेन घेतलं आणि "कळवू"च्या डोक्यावर "आधी" असं लिहिलं.