आभासी जगातली सराव-जागा: सभागृह पाडलं, अंतरं मांडली

मंडळी, मागच्या नोंदीनंतर माझ्या रीजनचा, म्हणजे शिक्षकांच्या सरावासाठी आभासी जगात मांडलेल्या जमिनीच्या तुकड्याचा, नकाशाच बदललाय. मधोमध जे मोठं सभागृह होतं, स्टेज, स्क्रीन, खुर्च्यांच्या रांगा, ते सगळं काढलं. दिसायला देखणं होतं, नवीन येणारे शिक्षक आधी त्याचंच कौतुक करायचे, पण अवतार, म्हणजे आपली पडद्यावरची बाहुली, एकदा खुर्चीत बसला की त्याच्यामागचं माणूस दुसऱ्या खिडकीत मेल बघायला मोकळं. आणि स्लाइडच दाखवायच्या असतील तर साधा व्हिडिओ कॉल कधीही चांगला, अक्षरं स्पष्ट दिसतात, काही डाउनलोड करायला नको, कुणी भिंतीत अडकत नाही. आभासी जगात येऊन परत तोच वर्ग मांडायचा तर एवढा खटाटोप कशाला? कॉलमध्ये जे नाहीच ते इथे वापरायचं, आणि ते म्हणजे अंतर. कोण कुणाच्या जवळ आहे, कोण लांब उभं आहे, कोण चालत कुणाकडे गेलं. या खेपेचं सगळं काम याच एका गोष्टीभोवती आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ही जागा ओपनसिम्युलेटरवर आहे. हे २००७ मध्ये सुरू झालेलं मुक्तस्रोत सर्व्हर सॉफ्टवेअर, त्यावर सेकंड लाइफ या त्रिमिती आभासी जगासारखं जग स्वतःच्या मशीनवर चालवता येतं, आणि फायरस्टॉर्मसारख्या व्ह्यूअरने, म्हणजे ते जग पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, आत शिरता येतं. एक साधा रीजन २५६ बाय २५६ मीटरचा, माझा तेवढाच आहे आणि मला तो भरपूर पुरतो. हेतू एकच, शिक्षकांनी इथे येऊन शिकवण्याचा सराव करावा, एकमेकांना शिकवताना बघावं आणि नंतर त्यावर बोलावं.

आता अंतराचं. इथलं चॅट हे जागेला बांधलेलं असतं. नेहमीसारखं टाइप केलं तर २० मीटरपर्यंतच्या लोकांना दिसतं, कुजबुज केली तर १०, आणि ओरडून म्हणजे शाउट केलं तर १००. ओपनसिमच्या सेटिंगमध्ये हे आकडे बदलता येतात पण मी मुद्दाम आहेत तसेच ठेवलेत, कारण इथे सराव केलेल्या माणसाला उद्या दुसऱ्या ग्रिडवर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या आभासी जगात, गेल्यावर वेगळं वाटायला नको. तर सभागृहाच्या जागी आता गटांचे ओटे आहेत, एकमेकांपासून ३५ मीटरवर. एका गटाचं बोलणं दुसऱ्याला अजिबात दिसत नाही. जी शिक्षिका सत्र घेतेय तिला प्रत्येक गटाकडे चालत जावं लागतं, आणि ती निघाली की गटाला ती येताना दिसते. व्हिडिओ कॉलच्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे गटाच्या वेगळ्या कॉलमध्ये, शिक्षक एकदम टपकतो आणि बोलणं बंद पडतं, इथे तसं होत नाही, लांबून येणारा अवतार दिसला की गट आपलं वाक्य पुरं करतो, कुणीतरी थोडं सरकून जागा करून देतं. हे मी कुणाला शिकवलेलं नाही, लोक आपोआप करतात. आणि ती कुठल्या ओट्यावर जास्त वेळ रेंगाळली, कुठे गेलीच नाही, हे बाकीच्यांना दिसतं, नंतरच्या चर्चेत तो विषय हमखास निघतो.

व्हॉइस अजून लावलेला नाही आणि सध्या लावणारही नाही. त्याचं कारण म्हणजे प्रत्येक ओट्यावर ठेवलेली, टाइप केलेलंच नोंदवणारी पेटी, या नोंदीतला माझा सगळ्यात आवडता भाग.

पेटी म्हणजे एक साधा चौकोनी प्रिम (इथल्या वस्तू ज्यातून बनतात तो ठोकळा), आत एलएसएल या इथल्या भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट. लिसन फंक्शन शून्य नंबरच्या चॅनलवर, म्हणजे सगळ्यांच्या उघड चॅटवर, कान लावून असतं आणि प्रत्येक ओळीला वेळ चिकटवतं. शिकवणाऱ्याच्या ओळीत प्रश्नचिन्ह आलं की घड्याळ चालू, आणि नंतर पहिली ओळ कुणाची येते ते बघायचं, विद्यार्थ्याची की परत शिकवणाऱ्याचीच. हे कशासाठी, तर मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाचे वर्ग ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात, आणि हीच वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. प्रशिक्षणात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण स्वतःच्या तासाचा कागद समोर आला, आपण विचारलेल्या प्रश्नांखाली आपलीच उत्तरं दिसली, की मग ते पटतं. टाइप करायला वेळ लागतो त्यामुळे तीन सेकंदांचा आकडा इथे तसाच लावता येत नाही हे आधीच सांगते. म्हणून मी सेकंदांवर भर देतच नाही, प्रश्नानंतरची पहिली ओळ कुणाची एवढंच रंगाने दाखवते. तेवढं पुरतं.

पेटी सगळ्यांना दिसेल अशी मधोमध ठेवलीय, चालू असली की लाल होते, आणि सत्राआधी प्रत्येकाला विचारून, हो म्हटल्यावरच चालू करते. नोंद त्या गटाकडे जाते, त्यांच्या मुख्याध्यापकांकडे किंवा आणखी कुणाकडे नाही. यावर मी ठाम आहे. मूल्यमापनाचा वास आला की शिक्षक सावध शिकवतो, आणि सावध शिकवण्याचा सराव करून उपयोग नाही.

मराठीत हे सगळं चालवताना एक वेगळीच गंमत आहे, ज्यांना असं काही बांधायचंय त्यांनी हा भाग नीट वाचा. एलएसएलमधल्या मर्यादा अक्षरांत नाही तर बाइटमध्ये मोजल्या जातात, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा, अनुस्वार, हलंतसुद्धा, ३ बाइट खातं. डायलॉगच्या, म्हणजे पडद्यावर उघडणाऱ्या चौकटीच्या, बटणाला सेकंड लाइफच्या नियमाने २४ बाइट मिळतात, म्हणजे फक्त ८ चिन्हं. 'पुढे' बसतं, 'मदत हवी' बसतं, पण 'पुन्हा सांगा' नाही बसत. प्रिमवर तरंगणाऱ्या मजकुराला २५४ बाइट, म्हणजे मराठीत साधारण ८४ चिन्हं, एक मध्यम वाक्य झालं की संपलं. एका चॅट ओळीला १०२४ बाइट, ते मात्र पुरेसे आहेत. शिवाय मी वापरते त्या व्ह्यूअरमध्ये जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, चॅटमध्ये माणसं सवयीने वाचून घेतात पण सूचनाफलकावर ते फार वाईट दिसतं. म्हणून सगळे फलक बाहेर चित्र म्हणून तयार केले, १०२४ बाय १०२४ चं टेक्स्चर, आणि ते प्रिमवर चढवले. बदल करायचा म्हणजे चित्र परत बनवा हा त्रास आहेच, पण आपल्या भाषेत शुद्ध, मोठ्या अक्षरातली सूचना बघून नवीन माणसाच्या मनातली अर्धी धाकधूक जाते हे मी पुन्हापुन्हा बघितलंय, त्यामुळे हा त्रास मी आनंदाने घेते.

आता विद्यार्थी कुठून आणायचे हा प्रश्न. ओपनसिममध्ये एनपीसी बनवता येतात, म्हणजे स्क्रिप्टवर चालणारे अवतार, ते चालतात, बसतात, ठरलेली वाक्यं बोलतात. ओट्यांवर असे काही ठेवून बघितले. गर्दी दिसण्यापुरते ठीक, पण शिक्षिकेने एखादा उलटा प्रश्न विचारला की ते तिथेच संपतात, आणि सरावाचा जीव तर त्या उलट्या प्रश्नातच असतो ना. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या टीचलाइव्ह प्रकल्पात भावी शिक्षक पडद्यावरच्या अवतार-विद्यार्थ्यांना शिकवतात, आणि त्या अवतारांच्या मागे एक खरं, तयारीचं माणूस बोलत असतं. मला तीच दिशा योग्य वाटते. त्यामुळे माझ्याकडे आता विद्यार्थी म्हणजे इतर शिक्षकच. ओट्यावरच्या टोपलीला क्लिक केलं की एक नोटकार्ड मिळतं, त्यात भूमिका: तू अपूर्णांकात छेद मोठा म्हणजे संख्या मोठी असं मानतोस आणि सहजासहजी सोडणार नाहीस. किंवा, तुला उत्तर येतं पण नाव घेऊन विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कार्ड लिहायला फार वेळ जातो. 'खोडकर मुलगा' असं लिहिलं की लोक नाटक करतात, पण नेमकी गैरसमजूत लिहिली की अनुभवी शिक्षक ती इतक्या मनापासून धरून ठेवतात की समोरच्याला खरंच तीन-चार वेगळ्या वाटांनी जावं लागतं. सगळी कार्डं आता याच पद्धतीने परत लिहितेय, गणिताची झाली, विज्ञानाची अर्धी व्हायचीत.

विद्यार्थी होणाऱ्यांना अवतारही लहान उंचीचे दिले. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांचं २००७ चं काम तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, उंच अवतार मिळालेले लोक वाटाघाटीत जास्त आक्रमक वागले होते. आमच्याकडे प्रयोग वगैरे काही नाही, पण छोट्या अवतारातून मान वर करून शिक्षिकेकडे बघायला लागलं की लोकांची भाषा बदलते एवढं नक्की.

जागेनेच प्रश्न उभा करायचा, हे मी जुन्या कामांतून घेतलंय. हार्वर्डच्या ख्रिस डीड यांच्या चमूचं रिव्हर सिटी आठवा, एकोणिसाव्या शतकातलं शहर, लोक आजारी पडतायत, आणि मुलांनी हिंडून, पाणी तपासून, लोकांशी बोलून कारण शोधायचं. सेकंड लाइफमधल्या जीनोम आयलंडवर मेरी ॲन क्लार्क यांनी मेंडेलच्या वाटाण्यांचे प्रयोग प्रत्यक्ष करता येतील असे मांडले होते. दोन्हीकडे फळा नाही, व्याख्यान नाही, शिकायचं ते जागेत पेरलेलं. माझ्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात त्याच धर्तीवर एक ओढा आणि तीन विहिरी होतायत, विहिरीला क्लिक केलं की पाण्याचा नमुना मिळेल. जमीन खोदून झालीय, स्क्रिप्ट बाकी आहेत.

आणखी एक जुनं नाव घ्यायलाच हवं, टॅप्ड इन. एसआरआय या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने १९९७ मध्ये शिक्षकांसाठी काढलेलं, मुळात मजकुरावरच चालणारं जग, त्यात इमारती, मजले, खोल्या सगळं होतं, शिक्षक ठरलेल्या वेळी भेटायचे, नवीन माणूस आलं की त्याची विचारपूस करायला कुणीतरी हजर असायचं. २०१३ मध्ये ते बंद झालं. त्रिमितीचा पत्ता नसताना ते इतकी वर्षं टिकलं ते माणसांमुळे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून ग्राफिक्सवर घालवायचा वेळ कमी करून मी स्वागताचं वेळापत्रक बसवलंय, सत्राच्या आधी अर्धा तास लँडिंग पॉइंटजवळ, म्हणजे येणारा अवतार जिथे उतरतो तिथे, एक ओळखीचं माणूस उभं असतंच. पहिल्या भेटीत शिकवण्याचा विषयच काढायचा नाही, फक्त चालणं, चॅट, बसणं-उठणं, आणि ऑल्ट दाबून माउसने कॅमेरा फिरवणं. कॅमेरा जमला की माणूस टिकतं, नाही जमला तर परत येत नाही. शाळेच्या संगणकावर व्ह्यूअर टाकायची परवानगी नसते ही अडचण मात्र तशीच आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही, ज्यांना घरून येता येतं तेच येतात.

सेकंड लाइफवरच का नाही, असं विचारणाऱ्यांसाठी. ते २००३ पासून आहे, आजही चालू आहे, व्हीडब्ल्यूबीपीईसारखी शिक्षकांची परिषद आभासी जगातच भरते, तिथे जाऊन मी खूप शिकले. पण शैक्षणिक संस्थांची सवलत तिथे २०११ च्या सुरुवातीला काढली गेली होती आणि २०१३ मध्ये परत आली, मधल्या काळात कितीतरी संस्थांनी तिथली आपली बेटं, म्हणजे जागा, सोडली. पुढे अल्टस्पेसव्हीआर हे दुसरं आभासी जग १० मार्च २०२३ ला बंद पडलं, मोझिला हब्ज हे तसंच आणखी एक ३१ मे २०२४ ला, हब्जचा कोड मुक्त असल्यामुळे लोकांना तो स्वतः चालवता येतो एवढा आधार. दुसऱ्याच्या निर्णयाने आपली जागा पुसली जाऊ नये, म्हणून ओपनसिम. दर सत्रानंतर ओएआर फाइल, म्हणजे रीजनची प्रत, काढते, त्यात जमीन, वस्तू, टेक्स्चर, स्क्रिप्ट सगळं येतं आणि दुसऱ्या सर्व्हरवर तसंच्या तसं उभं करता येतं. अवतारांच्या इन्व्हेंटरीतल्या, म्हणजे त्यांच्या खासगी सामानातल्या, गोष्टी त्यात येत नाहीत, त्यासाठी आयएआर ही त्या सामानाची फाइल वेगळी काढा, भूमिकांच्या कार्डांच्या मूळ प्रती माझ्या इन्व्हेंटरीतच आहेत म्हणून हे मला महत्त्वाचं.

आता हातात घेतलंय ते निरीक्षकांचं. सराव बघायला आलेल्या शिक्षकाला चॅट वाचायचं तर २० मीटरच्या आत यावं लागतं, आणि ओट्याला लागून चार माणसं उभी राहिली की गट बिचकतो. म्हणून प्रत्येक ओट्यापासून २५ मीटरवर, थोड्या उंचीवर एक सज्जा बांधतेय, सज्ज्यातली माणसं ओट्यावरून दिसतील अशी, लपून बघणं मला नकोय. ओट्यावरची पेटी तिथली प्रत्येक ओळ रीजनसे फंक्शनने एका ऋण नंबरच्या चॅनलवर पाठवेल, ते रीजनभर पोचतं, आणि सज्ज्यातली दुसरी पेटी ती ओळ कुजबुजीत परत म्हणेल, म्हणजे १० मीटरच्या आतल्यांनाच दिसेल, ओट्यापर्यंत परत जाणार नाही. दोन पेट्यांवर हे चाललंय. सगळे ओटे एकाच वेळी बोलायला लागले की काय होतं ते येत्या सत्रात कळेल, त्याआधी प्रत्येक ओट्याला वेगळा चॅनल देऊन टाकते.