काकू, भाजी स्वस्त झाली, मग डबा का नाही?

हा प्रश्न मला परभणीच्या एका मुलाने विचारला. स्पर्धा परीक्षेची चौथी खेप आहे त्याची, आणि पुण्यात जेवणाचा डबा माझ्याकडे तिसऱ्या वर्षापासून. महिन्याचे पैसे देता देता मोबाइल पुढे केला. ऑक्टोबर 2025 ची महागाई 0.25 टक्के. तेव्हाची मोजणी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कमी आकडा. "काकू, देशात महागाई संपली. तुमचे 3,300 काही हलेनात."

मी म्हटलं, उद्या सांगते. खरं तर लगेच सांगता आलं नाही. रात्री भांडी आवरल्यावर वह्या काढल्या.

माझ्याकडे 2011 पासूनच्या वह्या आहेत. तेव्हा सात डबे होते, आता 46 आहेत. शिक्षण बारावी, अर्थशास्त्राचा आणि माझा संबंध एवढाच की परीक्षा देणारी मुलं जेवताना त्याच्यावर भांडतात आणि मी वाढता वाढता ऐकते. पण चौदा वर्षं रोज काय किती रुपयांना आणलं ते लिहिलेलं आहे, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालते.

आधी त्या 0.25 चं. हा आकडा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. मागचा ऑक्टोबर कसा होता? पाऊस लांबलेला, भाज्या सडलेल्या, भाजीपाल्याची महागाई 42 टक्के. या ऑक्टोबरला ती उणे साडेसत्तावीस. आता साधा हिशेब करा. 2023 च्या ऑक्टोबरला भाजी 100 रुपयांना मिळत होती असं समजा. 2024 ला ती 142 झाली. त्यातून साडेसत्तावीस टक्के गेले की उरतात 103. म्हणजे दोन वर्षं वर-खाली होऊन भाजी होती तिथे आली. स्वस्त कुठे झाली? मी मार्केट यार्डात जाते ती रुपये घेऊन जाते, टक्के घेऊन नाही. महागाई कमी झाली म्हणजे भाव वाढायचा वेग कमी झाला. भाव उतरलेच पाहिजेत असं काही नाही. हे मुलांना पुस्तकातून पाठ असतं, पण 3,300 मोजून देताना आठवत नाही.

बरं, भाजी होती तिथे आली. मग डबा तेव्हा किती होता? 2,900. भाजी परत आली, डबा आला नाही, हे मात्र तो पोरगा बरोबर बोलला.

तर वही. 2,600 चे 2,900 केले जून 2022 मध्ये, आणि त्याला कारण तेल. 2020 च्या सुरुवातीला सूर्यफुलाचा पंधरा किलोचा डबा मला दीड हजाराला पडायचा. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपल्याकडे येणारं सूर्यफूल तेल बहुतेक त्याच दोन देशांतलं. महिनाभरात दुकानदार म्हणाला, आहे तेवढं घेऊन जा. सूर्यफूल नाही म्हणून लोक सोयाबीन आणि पामतेलाकडे वळले, तर एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. तीनेक आठवड्यांत उठवली, पण तोवर माझा तेलाचा डबा 2,750 ला गेला होता. सोबत गॅस. आम्हाला घरगुती सिलिंडर वापरता येत नाही, 19 किलोचा व्यावसायिक लागतो, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि त्या मे महिन्यात तो 2,300 च्या आसपास गेला.

पण भाव वाढवायची मला भीती वाटत होती. समोरच्या गल्लीत दुसरी खानावळ आहे. म्हणून एप्रिल-मे मी एक गोष्ट केली, ती आज लिहून टाकते. पोळीचा उंडा लहान केला. पोळ्या चारच, पण लाटी सुपारीएवढी कमी. बिस्किटवाले पुडा पाच रुपयांचाच ठेवतात आणि आतली बिस्किटं कमी करतात ना, तेच. मला वाटलं कोणाला कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी लातूरचा एक मुलगा पोळी दिव्यासमोर धरून म्हणाला, "काकू, आज चंद्रग्रहण आहे का?" सगळे हसले. मीही हसले. पुढच्या महिन्यात 2,900 केले. उंडा मात्र लहानच ठेवला. दोन्हीकडून घेतलं, हे खरं.

तेलाचा डबा 2023 च्या उन्हाळ्यात सोळाशे-सतराशेवर आला. मी 2,900 चे पुन्हा 2,600 केले का? नाही. का नाही, त्यावर येते.

त्या 2023 च्या जुलैची गंमत आधी सांगते, टोमॅटोची. मे महिन्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नव्हती. लोकांनी उभ्या बागा मोडल्या, शेळ्या सोडल्या. पुढे पाऊस, रोग, आणि जुलैला किरकोळीत दीडशे, काही ठिकाणी दोनशेच्या वर. देशाची महागाई त्या महिन्यात 7.44 टक्के झाली, त्यात मोठा हात भाज्यांचा, त्यातही टोमॅटोचा. महागाई मोजायच्या तेव्हाच्या निर्देशांकात शंभरातले जवळजवळ 46 गुण खाण्यापिण्याचे होते, त्यामुळे एक फळभाजी रुसली तरी सगळा देश महाग दिसायचा. मी दोन महिने आमटी चिंचेच्या कोळावर आणि आमसुलावर काढली. कोणी तक्रार केली नाही. उलट एकाने रेसिपी घेतली. सप्टेंबरात टोमॅटो पुन्हा रस्त्यावर ओतत होते. अशा महागाईत डब्याचा भाव वाढवायचा नसतो, दम धरायचा असतो. येते तशी जाते.

कांद्याचं मात्र मला असं पायरीवर बसून बोलता येत नाही, कारण माझं माहेर निफाड तालुक्यात आहे. भाऊ कांदा करतो. रोज चार किलो कांदा चिरणारी बहीण पुण्यात आणि पिकवणारा भाऊ लासलगावच्या रांगेत. एकाचा भाव वाढला की दुसऱ्याचं कपाळ आठ्यांनी भरतं. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, आणि 8 डिसेंबरला निर्यात बंदच. त्याच्या आदल्या दिवशी भावाचा लाल कांदा क्विंटलला चार हजारांच्या घरात होता. पंधरवड्यात निम्म्याच्या खाली. त्याचा फोन आला, "ताई, तुझ्या पोरांची भाजी स्वस्त झाली बघ." वर काही बोलला नाही. मी त्या आठवड्यात गोणी खरंच स्वस्तात आणली होती, ते त्याला सांगितलं नाही. बंदी मे 2024 मध्ये उठली, शुल्क पूर्ण निघायला एप्रिल 2025 उजाडलं. शहरातली महागाई आवरली म्हणतात तेव्हा ती कुठेतरी जाते. त्या डिसेंबरात ती आमच्या कांदाचाळीत गेली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचा दोन रुपयांचा चेक मिळाला होता. त्या महिन्यात महागाई किती टक्के होती ते कोणाच्या लक्षात नाही, दोन रुपये सगळ्यांच्या आहेत.

दुसरी वाढ डिसेंबर 2024 ची, 2,900 चे 3,300. ही तेलाने सुरू झाली आणि तेलाने संपली नाही. 14 सप्टेंबर 2024 ला सरकारने खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर साडेपाच टक्के होतं ते साडेसत्तावीस. हेतू चांगला, सोयाबीनवाल्याला भाव मिळावा. माझा तेलाचा डबा लगेच चारशेने वाढला. आणि सोयाबीन? हमीभाव 4,892, आणि परभणीच्या त्या पोराच्या वडिलांनी दिवाळीत विकलं 4,200 ने. म्हणजे मी तेल महाग घेतलं, त्याच्या घरी पैसे कमी आले, आणि वर मी त्याच्याच डब्याचे चारशे वाढवले. हे त्याला सांगावं की नाही याचा मी बराच वेळ विचार केला.

पण चारशे नुसत्या तेलाचे नव्हते. पोळ्यांना दोघी येतात. त्यांनी त्या दिवाळीला पगार वाढवून मागितला, नऊ हजारांचे अकरा. त्यांच्या घरचा कांदा साठ-सत्तर झाला होता, खोलीचं भाडं वाढलं होतं, मुलाची शाळेची फी वाढली होती. नाही म्हणायला तोंड नव्हतं. माझ्या स्वयंपाकाच्या जागेचा अकरा महिन्यांचा करार दर वेळी वाढवूनच होतो. आता कांदा वीसवर आला. म्हणून मी त्या दोघींना सांगू का, की बायांनो, नऊ हजारावर परत या? घरमालक सांगेल का मला, ताई भाडं कमी द्या? भाज्या खाली येतात. पगार, भाडं, फी वर गेलं की तिथेच बसतं, आणि माझ्या 3,300 मध्ये शंभरातले वीसही भाजीचे नाहीत. ती पाव हिश्श्याने उतरली तरी शंभराला पाच रुपये.

इथे वही मिटताना एक गोष्ट लक्षात आली, ती तितकी आवडली नाही. इतकी वर्षं मला वाटायचं महागाई माझ्यावर येते. युक्रेनहून, दिल्लीहून, पावसातून. पण त्या 46 मुलांपुरती महागाई म्हणजे मीच. मी चारशे वाढवले, मुलांनी घरी फोन केले, कोणाच्या बापाने म्हैस विकली नसेल पण उसनवारी नक्की केली असेल.

माझ्या सासूबाई गोरेगावच्या. 1972 च्या दुष्काळात आणि पुढे तेलाच्या संकटात भाव पेटले, 1974 मध्ये देशातली महागाई पंचवीस टक्क्यांच्या वर होती, तेव्हा मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या मागे त्या लाटणं घेऊन मोर्चाला गेल्या होत्या. ते लाटणं माझ्याकडे आहे, त्यानेच पोळ्या लाटतो. त्यांना मोर्चा कोणावर न्यायचा ते ठाऊक होतं.

रिझर्व्ह बँकेचंही सांगायला हवं, कारण ती या कथेत माझ्या घरातून आत आली. महागाई चार टक्के राखायची, दोन इकडे दोन तिकडे, हे तिचं काम. 2022 मध्ये लागोपाठ तीन तिमाह्या ती सहाच्या वर राहिली म्हणून बँकेला सरकारला कारणं देणारं पत्र लिहावं लागलं. ते पत्र आपल्याला काही वाचायला मिळालं नाही. दरम्यान मे 2022 ते फेब्रुवारी 2023 रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, चारवरून साडेसहावर. धायरीच्या फ्लॅटचं आमचं कर्ज बदलत्या व्याजाचं. हप्ता तेवढाच ठेवला, मुदत चार वर्षांनी लांबली. हे म्हणाले, "तुझ्या टोमॅटोचा आणि माझ्या कर्जाचा काय संबंध?" संबंध टोमॅटोशी नाहीच. व्याज वाढवून पाऊस पडत नाही. ते माझ्यासारख्यांसाठी असतं, संधी बघून चारशे वाढवणाऱ्यांसाठी. पैसा महाग झाला की गिऱ्हाईक हात आखडतं आणि मी वाढवायला कचरते. थोडी कचरले, नाही असं नाही. अडीच वर्षं थांबले.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला हे सगळं सांगितलं, सोयाबीनसकट. तो पोळी मोडत म्हणाला, "म्हणजे कमी नाही होणार."

"नाही."

"मग पुढच्या वर्षी वाढवू तरी नका."

जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून उतरला, तुपावर बाराचा पाच झाला. पण मी डब्यात तूप घालत नाही. तेलावर तो आधीही पाचच होता. तेलाचं आयात शुल्क मात्र मे 2025 मध्ये थोडं खाली आलं, आणि भाजी खरंच बरी आहे सध्या. शब्द काही मी दिला नाही.

पंधरा दिवसांपूर्वी दोघी बायांना सांगून उंडा पुन्हा पहिल्याएवढा केला. लहान केला तेव्हा तिसऱ्या दिवशी चंद्रग्रहण निघालं होतं. यावेळी अजून एकानेही पोळी दिव्यासमोर धरलेली नाही.