रिकाम्या मेलांचा ढीग

ग्राहकांच्या मेलला आमचं पहिलं उत्तर काही मिनिटांत जातं, असं डॅशबोर्ड सांगत होता. तरी ग्राहक सोडून जात होते. "लोक कशावर चिडतात, ते मेलमधून शोध," असं साहेब म्हणाले आणि वर्षभराचा सपोर्ट इनबॉक्स माझ्या गळ्यात पडला.

हात मी आधी एन्‍रॉनच्या मेलवर बसवला होता. ती अमेरिकी ऊर्जा कंपनी २००१ साली बुडाली. चौकशीत गोळा झालेले मेल अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने २००३मध्ये खुले केले. सुमारे १५० जणांचे ५ लाखांच्या आसपास मेल, खरे आणि अस्ताव्यस्त. सरावाला याहून चांगलं काय मिळणार?

आमच्या मेलचे गट पाडले. सर्वात मोठ्या गटातले शब्द: 'गोपनीय', 'संबंधित व्यक्ती', 'नष्ट करावा'. क्षणभर वाटलं, घबाड लागलं. ते प्रत्येक मेलखालचं वकिली शेपूट होतं! मग सह्या छाटल्या, खाली चिकटून येणारा जुना मजकूर छाटला (नाहीतर एकच तक्रार प्रत्येक उत्तरासोबत पुन्हा मोजली जाते), विरामचिन्हं पुसली. उरलेले शब्द टीएफ-आयडीएफने तोलले. सगळीकडे दिसणाऱ्या शब्दाचं वजन कमी, मोजक्या मेलमध्ये येणाऱ्याचं जास्त. निघालं काय, तर बिल, डिलिव्हरी, पासवर्ड. एवढं सांगायला मी कशाला हवा होतो?

दुपारी वैतागून मजकूर बाजूला ठेवला आणि उत्तराला लागलेल्या वेळेनुसार यादी लावली. वरची सगळी उत्तरं ५ सेकंदांच्या आतली. तेवढ्यात माणसाचा मेल वाचूनही होत नाही. हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी तांत्रिक नोंद, उघडले, तर 'ऑटो-सबमिटेड'पुढे 'ऑटो-रिप्लाइड'. 'आपला मेल मिळाला' ही यंत्राची पोच डॅशबोर्ड उत्तर म्हणून मोजत होता. एका ग्राहकाचा 'मी रजेवर आहे' आणि आमची पोच रात्रभर एकमेकांशी बोलत बसली होती. तो आमचा सर्वात सक्रिय ग्राहक! अशा पोचा वगळल्या, तशी उत्तराची वेळ मिनिटांवरून दिवसांवर गेली.

सफाईनंतर ज्यांत काहीच उरलं नव्हतं, ते मेल मी 'रिकामे' म्हणून वेगळे टाकले होते. हेडरमधलं 'इन-रिप्लाय-टू' (हा मेल कोणत्या मेलला उत्तर आहे, ते) धरून संभाषणं जोडायला बसलो, तर त्यातले कितीतरी संभाषणाच्या अगदी शेवटी येऊन बसायला लागले. मूळ मेल काढून पाहिले. एकात फक्त "?". दुसऱ्यात "??". तिसऱ्यात नुसते तीन ठिपके. विरामचिन्हं म्हणून मीच पुसलेले. त्यानंतर त्या ग्राहकांचा एकही मेल नव्हता.

साहेबांना बोलावून यादी दाखवली. ते बराच वेळ माउस खाली सरकवत राहिले.

"यांना कुणीच उत्तर दिलं नाही?"

"दिलंय ना," मी म्हटलं. "प्रत्येकाला. ५ सेकंदांत."