आत्याचा आवाज

रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज आवडलेला माणूस मला अजून भेटायचाय. ‘शी, हा माझा?’ म्हणत जो तो हेडफोन काढून ठेवतो. माइकचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो: एक हवेतून, दुसरी कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत. हाडांची वाट खर्जाला जास्त धार्जिणी, त्यामुळे आपण स्वतःला जरा भारदस्तच ऐकू येतो. रेकॉर्डिंगमध्ये ही हाडांची भर गळते आणि जगाला रोज ऐकू येणारा पातळ आवाज तेवढा उरतो.

इथवर सगळं पुस्तकात मिळतं. माझी अडचण वेगळी.

कॉलेजच्या ऑडिओ प्रोजेक्टसाठी मी मंडईवर छोटंसं फीचर केलं. भाजीवाल्यांचे आवाज मंडईतच टिपले. १८८६ सालच्या त्या इमारतीच्या उंच छताखाली ‘मेथी घ्या, मेथी’ला आयताच घुमारा मिळतो. निवेदन मात्र घरी, रात्री, पंखा बंद करून, कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून. कपडे घुमारा शोषतात. (पुण्याच्या मे महिन्यात माणसालाही.) निवेदनात एक वाक्य होतं: ‘ज्या बाजाराच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला, त्याच बाजाराला पुढे त्यांचं नाव मिळालं.’ ‘फ’ म्हटलं की माइकवर फुंकर बसते, म्हणून माइक तोंडासमोरून जरा बाजूला सरकवून हे वाक्य पुन्हा पुन्हा घेतलं. मग ऐकायला बसले, तर बोलत होती माझी आत्या.

नारायण पेठेतली. ‘नाव मिळालं’वर तिची ती खास घसरण, समोरच्या वाड्यातली बातमी सांगून झाल्यावर दार लोटून घ्यावं तशी. फुल्यांबद्दल बोलतानासुद्धा! लहानपणी तिच्याकडे फोन मी उचलला की तिच्या मैत्रिणी थेट भिशीचा हिशोब सांगू लागायच्या. मी चिडायचे. एवढा साधा फरक कळू नये? तो फरक फक्त माझ्याच हाडांना ऐकू येत होता, हे त्या बायकांना कसं कळणार!

मॅडम म्हणाल्या, निवेदन दुसऱ्या कुणाच्या आवाजात घेतलंस तरी चालेल. नाही घेतलं. एडिटिंगला सतत तेच ऐकून ती घसरण मला आवडायलाच लागली होती. शेवटी आत्यालाच हेडफोन लावून दिले.

‘मंडईचं झकास झालंय,’ ती म्हणाली, ‘पण ही बोलणारी कोण गं? जरा नाकात बोलते.’