बाहत्तर ऐकलं की मूल आधी दोन लिहितं

दुसरीच्या वर्गात संख्यांचं श्रुतलेखन घेताना मी ‘बाहत्तर’ म्हणते आणि बऱ्याच वह्यांमध्ये २७ उमटतं. ‘चौतीस’ म्हटलं की ४३. या मुलांना गणित येत नाही असं मुळीच नाही. उलट त्यांनी नीट ऐकलेलं असतं. बाहत्तरमधला ‘बा’ म्हणजे दोन, हे कानाने पकडलेलं असतं आणि जे आधी ऐकू आलं ते हाताने आधी लिहिलेलं असतं. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. आपल्याला सवय झाली म्हणून ते खुपत नाही. सात वर्षांच्या मुलाला मात्र प्रत्येक संख्या मनात उलटी करून घ्यावी लागते.

आणि नुसती उलटी करून भागत नाही. दोनाची रूपं पाहा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. तिनाची पाहा: तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. नियम म्हणून सांगावा असं फार थोडं हाती लागतं, बाकी सगळं कानावर पडून पडूनच रुळतं. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद असा ‘एक कमी’चा रस्ता नव्व्याण्णवला येऊन अचानक संपतो. “बाई, एकोणशंभर का नाही?” हा प्रश्न वर्गात येतोच, आणि तो मला फार आवडतो. संस्कृतात नव्व्याण्णवला नवनवति म्हणत, तेच लोकांच्या तोंडी झिजत झिजत आपल्यापर्यंत आलं, एवढं मी सांगते. बाहत्तरही तसाच द्वासप्ततिमधून आलेला. ही नावं कुणी समितीत बसून ठरवलेली नाहीत. शेकडो वर्षं माणसांनी मोजत मोजत ती घडवली, म्हणून ती अशी वेडीवाकडी आहेत आणि म्हणूनच मला ती टिकायला हवी आहेत.

मी पुण्यात हडपसरच्या पुढे, मांजरीच्या बाजूला मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. आजूबाजूला इमारती उभ्या राहताहेत आणि त्या बांधणाऱ्यांची मुलं आमच्या पटावर आहेत. कुणी सोलापूरकडचं, कुणी यादगीरचं, कुणी कलबुर्गीचं. मागे यादगीरची एक मुलगी वर्गात आली. बेरीज तोंडी पटकन करायची, पण मराठीतून संख्या विचारली की गप्प. तिच्या घरी कन्नड. कन्नडमध्ये बाहत्तरला एप्पत्तेरडु म्हणतात, म्हणजे सत्तर आधी आणि दोन मागून. जसं बोलायचं तसंच लिहायचं. तिच्यासाठी मराठीतली संख्या म्हणजे नुसता नवा शब्द नव्हता, मोजण्याचा क्रमच बदलला होता. तिला ‘कच्ची’ म्हणून मागच्या रांगेत बसवणं सोपं होतं. पुण्यात अशी किती मुलं मागच्या रांगेत बसत असतील, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

म्हणूनच २०१९ची आठवण अजून टोचते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने ‘वीस एक’ अशीही रीत दिली होती. डॉ. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात, त्यातून गणिताचीच भीती बसते, दक्षिणेकडच्या भाषांमध्ये दशक आधी बोलतात, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. जुनी रीत काढलेली नव्हती, दोन्ही दिल्या होत्या. पण तेवढं ऐकून घ्यायला कुणाला सवड होती? वाहिन्यांवर खिल्ली उडाली, विधानसभेतसुद्धा आडनावांवरून कोट्या झाल्या. मराठी बुडाली म्हणून ओरड झाली. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्या इमारतीत माणसांनी मुलांचा विचार करून काही मांडलं होतं, आणि त्याचं आठवडाभरात हसं झालं. दुसरीला शिकवणाऱ्या बाईला बोलावून “तुमच्या वर्गात काय होतं?” असं विचारताना मी तरी कुणाला पाहिलं नाही.

नॉर्वेत हाच बदल १९५१ साली झाला. तिथेही एकक आधी बोलत. टेलिफोन खात्याला फोन क्रमांक ऐकण्या-सांगण्यातल्या चुकांनी हैराण केलं होतं. मग संसदेने दशक आधी बोलायची रीत अधिकृत केली. जुनी रीत त्यामुळे मेली नाही, आजही तिथे घराघरांत दोन्ही ऐकू येतात.

माझं म्हणणं नॉर्वेइतकं पुढे जात नाही. ‘वीस एक’ ही मला शिडी वाटते, एकवीसपर्यंत चढवणारी. वर्गात मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करते. सात गठ्ठे, दोन सुट्या काड्या. “सात दशक दोन एकक. सत्तर आणि दोन. बाहत्तर.” तिन्ही एका दमात, रोज. लिहिताना मुलं आधी एककाची जागा मोकळी सोडतात, दशक लिहितात, मग मोकळ्या जागेत एकक. यादगीरच्या मुलीला मी सांगितलं, “आधी तुझ्या कन्नडमध्ये म्हण, मग लिही, मग मराठीत सांग.” हळूहळू तिचा आवाज फुटला. पुढे वर्गातल्या मुलांनी तिच्याकडून कन्नडचे आकडे शिकून घेतले आणि त्यांनाही ७२ मधलं सत्तर दिसायला लागलं. परक्या भाषेने इथे मराठीची काही हानी केली नाही, उलट मदतच केली.

खरी हानी दुसरीकडे चालली आहे. पुण्यात मराठी शाळासुद्धा टिकण्यासाठी सेमी इंग्रजी होताहेत. गणित इंग्रजीतून, म्हणजे मराठी संख्या वापरायचा तासच गेला. अप्पा बळवंत चौकात अंकलिपी अजून मिळते, पण ती घेऊन म्हणायची कधी? निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे अर्ध्या, सव्वा, दीड, अडीचचे पाढे, तोंडपाठ असलेली पिढी आता आजोबांची. त्यांनी रिक्षाचे “एकोणसत्तर रुपये झाले” म्हटलं की नातवंड विचारतं, “म्हणजे किती?” आणि घरातलं कुणीतरी लगेच “सिक्स्टी नाइन” सांगून मोकळं होतं. २०१९ साली ज्या नावांसाठी एवढा गदारोळ झाला, ती आपल्याच घरातून अशी गुपचूप निघून चालली आहेत.

गणिताच्या पेपरात ‘अक्षरी लिहा’ असा प्रश्न असतो. मुलाने ८३ ओळखले, बरोबर वाचले, पण ‘त्र्याऐंशी’ लिहिताना जोडाक्षर चुकलं, तर मी गुण कापत नाही. ते मी मराठीच्या तासाला सुधारून घेते. सगळ्या शाळांनी असंच करावं असं मला मनापासून वाटतं.

पालकसभेत मी एकच मागणी करते. घरात मोबाइल नंबर मराठीतून सांगा, दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून. भाजी घेताना पंचेचाळीस म्हणा, मूल सोबत असेल तर त्यालाच पैसे मोजू द्या. आणि ज्यांच्या घरी कन्नड किंवा तेलुगू आहे त्यांनी नंबर खुशाल आपल्या भाषेत सांगावा. तो दुसऱ्या दिवशी मराठीत करून वर्गाला सांगायचं काम मुलांचं.