आमची वाटचाल : किल्ल्यांचा बोर्ड आणि पाण्याचा रकाना

चिपळुणात घर बघायला आलेला माणूस २०२१ च्या महापुरापासून पहिल्यांदा एकच विचारतो, "पाणी कुठवर आलं होतं?" भाव नंतर, पार्किंग त्याच्याही नंतर. या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरखरेदी-विक्रीच्या ऑफिसच्या पत्रकात प्रत्येक घरासमोर फुटांत छापलेलं असतं. ते छापायला सुरुवात आम्ही केली. हे आधीच सांगते, कारण हल्ली गावात वेगळंच ऐकू येतं, की हे म्हणे दुसऱ्याच एजंटाने सुरू केलं.

माझे दीर तहसील कचेरीबाहेर दस्तलेखक होते. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, चिपळूणचं स्टेशन वालोप्याला झालं आणि मुंबईचे चाकरमानी त्या बाजूच्या जागांची चौकशी करत भाऊजींच्या टेबलाशी थांबू लागले. भाऊजी कागद लिहायचे आणि मी माणसांना जागा दाखवायला न्यायची. त्यातूनच बाजारपेठेत तळमजल्यावरचा एक गाळा भाड्याने घेतला. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, कशी वाचायची, सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना आधी का बघायचा, हे मला भाऊजींनी शिकवलं. बाकीचं मी घराघरांतून शिकले. घरमालक पुढच्या ओटीवर बसून भाव सांगतो. विहिरीला एप्रिलमध्ये पाणी राहतं का, पावसात कुठली खोली गळते, शेजाऱ्यांशी बांधावरून काही आहे का, हे मागच्या पडवीत कळतं, आणि तिथे मला कोणी अडवत नसे. धंद्यात बाई आली म्हणून नाकं मुरडणारे एजंट होते. त्यांना ती पडवी कधी दिसलीच नाही.

ऑफिसात पहिल्यांदा आला तो किल्ल्यांचा बोर्ड. प्लायवूडची फळी, पितळी हूक आणि प्रत्येक किल्लीला नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्यावर मालकाचं नाव कधीच लिहायचं नाही, किल्ली हरवली तर घर उघडं पडतं. नंबर आणि नाव जुळायचं ते फक्त वहीत, आणि वही रात्री घरी यायची. दुसरी वस्तू टेप. आमच्या हवेत लोखंडी टेप दोन पावसाळ्यांत गंजते, म्हणून तीस मीटरची फायबरची घ्यायची. आता सगळ्यांकडे लेसरचं यंत्र असतं. खोलीत ते छान चालतं, पण परसात भर उन्हात त्याचा ठिपकाच दिसत नाही आणि मग मंडळी अंदाजाने आकडा लिहितात. आमच्या वहीत अंदाजाचा आकडा नाही.

आणि पत्रक. दर शनिवारी 'नवी घरं' म्हणून एक पान निघतं. सुरुवातीला हाताने लिहून झेरॉक्स काढायचो आणि काचेवर चिकटवायचो, आता ते व्हॉट्सॲपवर जातं. त्यात वन बीएचके, टू बीएचके, कार्पेट म्हणजे आतली वापरायची जागा किती, कागद कोणते हे असतंच. त्याखाली त्या घरात रोज कसं राहायचं ते असतं : नळाला पाणी सकाळी की संध्याकाळी, आणि तिसऱ्या मजल्यावर चढतं की मोटर लागते. घंटागाडी दारात येते की कोपऱ्यावर. शाळेची रिक्षा गल्लीत वळते का. लाइट गेली तर कुठल्या फीडरवरची, म्हणजे कुठल्या वीजवाहिनीवरची जाते. शिवनदीच्या काठचं घर असेल तर पावसाळ्यात मगर दिसते हेही लिहितो. २०२४ च्या पावसात मगर थेट रस्त्यावर आलेली साऱ्या महाराष्ट्राने पाहिली, आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून लिहीत होतो. माणूस विटा विकत घेत नाही, तिथे सकाळी उठणार असतो. पुण्यामुंबईच्या साइटवर फोटो चकाचक असतात, पण घंटागाडीबद्दल एक ओळ दाखवा.

२००६ ते २०१६ ही वर्षं चांगली गेली. नोटबंदीनंतर काही महिने इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घ्यायला कोणी धजावेना, तेही निभावलं. २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण, आलं, आम्ही एजंट म्हणून नोंदणी केली. पुढे एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा आली, ती मी दिली आणि पास झाले. कोविडच्या वर्षी १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट मिळाली आणि बंद पडलेले व्यवहार धडाधड नोंदले गेले. त्या हिवाळ्यात वाटलं, आता स्थिरस्थावर झालो.

२२ जुलै २०२१. त्या दिवसाबद्दल चिपळूणकराला काही सांगायला नको. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही बाजारपेठेत शिरल्या आणि तळमजले पूर्ण बुडाले. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेले लोक त्या खुणेच्या हिशोबाने सामान वर ठेवून निवांत होते. पाणी ती खूण ओलांडून गेलं. आमचा गाळा छतापर्यंत गेला. वही नेहमीप्रमाणे घरी होती म्हणून वाचली, पण जुन्या वह्या, भाऊजींच्या अक्षरातले मसुदे, नकाशे, सर्च रिपोर्टच्या म्हणजे मालकी तपासल्याच्या फायली, सगळ्यांचा चिखल झाला. किल्ल्यांचा बोर्ड गाळात उलटा पडलेला सापडला. प्रत्येक किल्ली रॉकेलमध्ये बुडवून घासली आणि मालकांना निरोप धाडले की तुमची किल्ली सुरक्षित आहे. कितीतरी मालक स्वतःचंच घर उपसत होते, त्यांना किल्लीची आठवणही नव्हती.

पोफळीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक साहेब आहेत. त्यांचं खेर्डीतलं तळमजल्याचं घर आमच्यामार्फतच झालं होतं. पुढे लेकीचं, मग त्यांच्या दोन सहकाऱ्यांचंही. पुरात त्यांच्या घरात पाणी भिंतीवरच्या घड्याळापर्यंत चढलं. ते आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण घर मीच दाखवलं होतं. ते खुर्ची पुसून बसले आणि म्हणाले, "बाई, २००५ ला इथे किती पाणी होतं ते तुम्ही मला जोत्याशी उभं करून सांगितलं होतं. म्हणून मी विम्याचे हप्ते भरले आणि कागद माळ्यावर ठेवले. माझ्या शेजाऱ्यांना कोणी काही सांगितलं नाही. आता हे तोंडी नको. लिहा."

आणि नुसतं सांगून ते थांबले नाहीत. गवंड्याकडची लेव्हलची पाइप आणली, तीच, पारदर्शक, पाणी भरलेली. पुढचा सगळा पावसाळा आणि दिवाळीपर्यंत आम्ही दोघं आणि माझा भाचा ती पाइप घेऊन गल्ल्या हिंडलो. बऱ्याच मालकांनी घाईने रंग काढला होता, घरात खूण उरली नव्हती. मग शेजारच्या गडग्यावर, विजेच्या खांबावर, बंद घराच्या भिंतीवर गाळाची रेघ शोधायची. पाइपचं एक टोक त्या रेघेला धरायचं, दुसरं विक्रीच्या घरात न्यायचं, बुडबुडा राहिला नाही ना हे बघायचं, आणि पाणी जिथे थांबेल तिथून जोत्यापर्यंत टेप सोडायची. बुडबुडा राहिला तर मोजमाप चुकतं, म्हणून साहेब प्रत्येक वेळी पाइप पुन्हा भरायला लावायचे. आयुष्यभर पाण्यावर वीज केलेला माणूस, पाण्याच्या बाबतीत इंचभर सूट देत नसे. त्यातून वहीत दोन नवे रकाने आले : 'पाणी २००५' आणि 'पाणी २०२१', दोन्ही जोत्यापासून. पागेसारख्या उंच भागातल्या घरांसमोर शून्य आणि पेठमापातल्या काही घरांसमोर असे आकडे, की लिहिताना हात थांबायचा.

पहिलं पत्रक त्या रकान्यांसकट गेलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले. मालकांचा राग मी समजू शकते. घर बुडालं, भरपाई तुटपुंजी, त्यात विकायला काढावं तर मीच त्याच्यासमोर आकडा लिहून ठेवलेला. पण त्या रागाला हवा देणारा एक जण आमच्याच व्यवसायातला होता. नाव घेत नाही. गावाला माहीत आहे. एकेकाळी आम्ही दोघांनी मिळून व्यवहार केले होते, अर्धी अर्धी दलाली घेतली होती. त्याने घरोघरी सांगितलं की बाईंनी तुमच्या घराला डाग लावला, भाव पाडून स्वतःच्या माणसांना स्वस्तात घरं घालायची आहेत त्यांना. माझ्या माणसांना! त्या वर्षी माझ्या माणसांकडे धड अंथरुणं नव्हती. वर आमच्याच पत्रकाचा फोटो काढून, पाण्याचे रकाने कापून, खाली स्वतःचा नंबर घालून त्याने फिरवला. टेप आमची, पायपीट आमची, आकडे तेवढे नको होते.

मालक एकेक करून किल्ल्या घेऊन गेले. बोर्डावर हूक दिसायला लागले. ज्या बिल्डरचं नवीन काम आमच्याकडे होतं त्याने ते काढून घेतलं. गाळ्याचं भाडं थकलं, पतसंस्थेचं कर्ज दुरुस्तीसाठी काढलेलं होतंच, त्यात माझ्या पाटल्या गेल्या. भाऊजी तेव्हा आजारी होते. त्यांनी एकदाच विचारलं, "रकाना काढतेस का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग वही नीट ठेव." ऑफिस बंद करण्याच्या गोष्टी घरात उघड व्हायला लागल्या होत्या.

रकाने छापल्यानंतरचा पहिला व्यवहार झाला तो एका शिवणकाम करणाऱ्या ताईंमुळे. त्यांना मार्कंडीजवळ तळमजलाच हवा होता, गिऱ्हाईक जिने चढत नाही. पत्रकातला आकडा पाहून त्यांनी पोटमाळ्याची उंची किती मिळेल ते विचारलं. आकड्याच्या वर पोटमाळा बसत होता. मशिनं उचलून वर ठेवता येतील एवढा. त्यांनी भाव पाडून मागितला, मालकाने कुरकुर करत दिला, आणि खरेदीखत झालं. तो मालकच पुढे म्हणाला की बाकीची गिऱ्हाइकं पाण्याचं ऐकून इसारानंतर पळाली होती, ही एकटी ऐकून आली. मग बँकेसाठी घरांची किंमत ठरवणारे एक व्हॅल्युअर आकडा विचारायला आले. पूररेषांचा वाद गावात पेटला तेव्हा तर लोक वही बघायला येऊ लागले. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे नकाशावर ठीक आहे. आपल्या स्वयंपाकघरात किती, ते नकाशा सांगत नाही.

किल्ल्या परत आल्या. सगळ्या नाहीत.

आता घर बघणाऱ्यांना चार गोष्टी सांगते, आमच्याकडे या किंवा नका येऊ. घर जुलैत बघा. मेमध्ये सगळीच घरं कोरडी असतात. तळमजल्यावर स्विचबोर्ड डोक्याच्या वर बसवलेले दिसले तर मालकाला कारण विचारा. दाराची चौकट खालून ठोकून बघा. खालची दारं नवी आणि वरच्या मजल्याची जुनी असतील तर समजून घ्या. सातबारा सामायिक असेल तर बहिणींची नावं शोधा आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र असल्याशिवाय इसार देऊ नका, "ताई काही म्हणणार नाहीत" यावर तर अजिबात नाही. दस्तावर सही झाली की नोंदणीला चार महिने मिळतात, पण चार महिने थांबू नका, त्याच आठवड्यात दुय्यम निबंधकाकडे जा. शेजारच्या म्हाताऱ्या बाईशी बोला. एजंटाने बोलू दिलं नाही तर एजंट बदला.

साहेब अजून येतात, पाइप आमच्या ऑफिसातच असते. आता आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढताना त्यांना धाप लागते, म्हणून नवीन घर मोजायचं असलं की मीच खाली उतरते. नळ्या धरायला भाचा आणि आता त्याची बायको असते, तिला बुडबुडा माझ्याआधी दिसतो.

ज्याचं नाव घेतलं नाही तो आता स्वतःच्या जाहिरातीत 'पुराची माहिती उपलब्ध' असं छापतो, आणि हे आपणच सुरू केलं असं सांगतो. त्याच्या जाहिराती मी जपून ठेवल्या आहेत, कोणीही येऊन बघावं. त्यात फक्त २००५ चा आकडा असतो.